तळ दिसत नसेल तर तलाव बंदच हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी लागली की जलतरण तलावांच्या गढूळ पाण्याच्या तक्रारी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात येऊ लागतात. त्यावर ठरलेला खुलासाही येतो : 'क्लोरीनचा डोस वाढवला असून पाणी सुरक्षित आहे.' माझी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रावर केमिस्ट म्हणून झाली, त्यामुळे हा खुलासा वाचून गप्प बसवत नाही. डोस वाढला म्हणजे पाणी सुरक्षित झाले, असे होत नाही. शिवाय गढूळ पाण्याचा पहिला धोका जंतूंचा नाहीच.

पहिला धोका आहे तो बुडणारा माणूस न दिसण्याचा. जून २०११ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर गावी सार्वजनिक तलावात एक महिला बुडाली. तिचा मृतदेह दोन दिवस पाण्यातच होता आणि तलाव सुरू होता, लोक पोहत होते. जीवरक्षक होते, पण पाणी इतके धूसर होते की तळाशी काय आहे ते काठावरून कळत नव्हते. म्हणूनच अनेक ठिकाणी साधा नियम असतो : सर्वांत खोल भागातली तळजाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसली पाहिजे, न दिसल्यास तलाव बंद. आपल्याकडे शिडीची तिसरी पायरी दिसेनाशी झाली तरी पुढची बॅच पाण्यात उतरते.

आता पाणी गढूळ होते कशाने, याविषयी. आमच्या नाशिककडे सोसायट्यांचे बरेच तलाव बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर भरतात. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर. त्यात घमेल्याच्या मापाने ब्लीचिंग पावडर पडते. पावडरीत चुना असतोच, शिवाय ती पाण्याचा सामू (पीएच) वर ढकलते. सामू ८ च्या पुढे गेला की कॅल्शियम कार्बोनेट सुटे होऊन पाणी दुधट दिसू लागते. मग 'पाणी खराब झाले' म्हणून आणखी पावडर. काचेच्या ग्लासात हे दुधट पाणी घेऊन त्यात थोडे व्हिनेगर टाका. पाणी निवळले तर दोष चुन्याचा, आणि त्यावर उपाय आम्लाने सामू खाली आणण्याचा आहे. निवळले नाही तर मेलेले शेवाळ, धूळ, अंगावरचे तेल वगैरे, म्हणजे काम फिल्टरचे.

सामूचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. पाण्यातल्या क्लोरीनचा जो भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो तोच जंतू झपाट्याने मारतो. सामू ७.२ असताना हा भाग सुमारे दोन तृतीयांश असतो, ७.५ ला निम्मा आणि ८ ला जेमतेम पाव. म्हणजे सामू न बघता डोस दुप्पट करणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. तलावाचा सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन (म्हणजे दुसऱ्या कशाशी संयोग न झालेला) लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. एकूण अल्कता (सामूचे चढउतार रोखणारे क्षार) लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असावी लागते, नाहीतर सामू एका जागी टिकत नाही. हिशेबही अवघड नाही. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. त्यात क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायला ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर साधारण १ किलो ४०० ग्रॅम लागते. तीही बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच टाकायची. गाळासकट ओतणे म्हणजे गढूळपणा विकत आणणे.

क्लोरीन मोजतात कसा, हाही प्रश्नच आहे. बहुतेक ठिकाणी अजून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकून रंग पाहणे) चालते. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे, असे म्हणायचे. नळाच्या पाण्याला ते ठीक. तलावात घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. ओटी टेस्टमध्ये त्यांचाही पिवळा रंग येतो, पण जंतू मारण्याच्या कामी ती फारच मंद. डोळे लाल होणे आणि तो नाकात बसणारा 'क्लोरीनचा वास' ही त्यांचीच देणगी. वास येतो म्हणजे औषध भरपूर टाकले आहे, ही समजूत बहुतेक वेळा उलटी असते. मुक्त क्लोरीन वेगळा मोजणारे डीपीडी किट एवढ्या मोठ्या तलावाच्या खर्चापुढे काहीच नाही.

तुरटीबद्दल माझी तक्रार नाही, तुरटीवर आमचे आयुष्य गेले. पण तिची रीत आहे. पंप बंद करायचा, पाणी रात्रभर स्थिर ठेवायचे आणि सकाळी तळाचा गाळ सक्शनने थेट बाहेर काढायचा. पोहणारे पाण्यात असताना तुरटी फिरवली तर गाळ खाली बसणार कसा? शेवाळ मारायला टाकतात त्या मोरचुदाचे तर विचारूच नका. द्राक्षबागायतदाराला ठाऊक आहे की मोरचूद आणि चुना एकत्र आले की बोर्डो मिश्रण होते. चुनखडीच्या पाण्यात मोरचूद टाकून तोच निळसर गढूळपणा आपण तलावात करतो आणि वर पाणी 'निळेशार' दिसते म्हणून खूश होतो.

खरी गोम फिल्टरमध्ये आहे. क्लोरीन शेवाळ मारतो, पण मेलेले शेवाळ पाण्यातून उचलून नेत नाही. ते काम फिल्टरमधल्या वाळूचे. गजबजलेल्या तलावात सगळ्या पाण्याइतके पाणी दर सहा तासांनी फिल्टरमधून फिरायला हवे, म्हणजे वर सांगितलेल्या तलावाला तासाला सुमारे ७८ हजार लिटर. गाळलेले पाणी पुन्हा त्याच तलावात मिसळत असल्याने एका फेरीत प्रत्यक्षात ६३ टक्केच पाणी वाळूतून जाते. म्हणून पंप अखंड चालावा लागतो. आपल्याकडे वीजबिल वाचवायला रात्री पंप बंद होतो आणि सकाळी पाणी गढूळ दिसले की रसायनांच्या पिशव्या फुटतात. प्रेशर गेज बहुधा बंद पडलेले, त्यामुळे बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टरची वाळू धुणे) कधी करायचा ते कोणी सांगू शकत नाही. वाळू शेवटची कधी बदलली, हे विचारून पाहा.

रसायनांचे अर्धवट ज्ञान किती महागात पडते ते रिओ ऑलिंपिकने २०१६ मध्ये दाखवले. तिथल्या तलावात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले, त्याने क्लोरीन निष्प्रभ केला आणि डायव्हिंगचा तलाव जगासमोर हिरवा झाला. आपल्याकडे त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे टीसीसीए (क्लोरीनचेच दुसरे औषध, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) आणि ब्लीचिंग पावडर एकाच खोलीत, एकाच मापाने हाताळली जाते. ही दोन एकत्र आली तर आग लागू शकते, आणि यांपैकी कशातही आम्ल सांडले तर विषारी वायू सुटतो. तिथे काम करणाऱ्या पोराला हे कोणी सांगितलेले नसते.

माझी मागणी छोटी आहे. तिकीट खिडकीशेजारी एक फळा लावावा. त्यावर दिवसातून तीनदा सामू, मुक्त क्लोरीन, शेवटच्या बॅकवॉशची तारीख आणि 'तळजाळी दिसते / दिसत नाही' एवढे लिहावे. चाचणी बॅच सुरू होण्याआधी आणि सभासदांसमोर व्हावी. 'दिसत नाही' लिहिले गेले की त्या दिवशीचे तिकीट परत मिळावे. महापालिकेचा तलाव असो, क्लबचा असो की सोसायटीचा, परवाना देताना ही अट घालायला नवा कायदा लागू नये.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, नाशिक