सुर्ल्याला जाशील तेव्हा

केरी, सत्तरी

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा "आई, मी काय लहान आहे का?" म्हणालीस आणि फोन ठेवलास. लहान नाहीस, ठाऊक आहे मला. बेळगावात एकटी राहतेस, धाकट्याची फी भरतेस. वाड्यावर कुणी विचारायच्या आत मीच सांगत सुटते. म्हणून या पत्रात घाटाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले आहे.

तू मैत्रिणींना चोर्ला घाटातल्या सुर्ल्याला नेणार, म्हणून रविवारी शांतामावशीबरोबर मुद्दाम वर जाऊन आले. सड्यावर जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचलंय, गेंदाची पांढरी फुलं दाटीने आली आहेत. खाली बसून बघितलं तर दवबिंदू या किडेखाऊ रोपाच्या लालसर, चिकट केसांत एक चिलट अडकलं होतं, पाय अजून हलत होते. पलीकडे लाडक्याचा वझर, आपला धबधबा, कोसळत होता. मग धुकं आलं आणि वझर दिसेनासा झाला. येताना रस्तासुद्धा. वळणावर ट्रक अगदी समोर आल्यावर कळला. तेही भरदुपारी. तू सूर्यास्त बघून उतरणार म्हणतेस! राहू दे.

मैत्रिणींना नुसते फोटो काढून परत आणू नकोस, तिथे काय पिकत होतं तेही सांग. या डोंगरांच्या उतारांवर कुमेरी चालायची. झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, पहिल्या पावसाला राखेत नाचणी नि वरी. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून पुढची धरायची. माळावर धनगरांच्या म्हशी चरायच्या. पुढे वनखात्याने कुमेरी बंद केली, 1999 मध्ये म्हादई अभयारण्य झालं. रान राखायला हवं, हे मलाही पटतं. पण हे डोंगर पूर्वीपासून असेच रिकामे होते असं कुणी म्हणालं की मला सहन होत नाही.

तुझी आजी नाचणी राखायला रात्री माळ्यावर बसायची. मी तिच्या कुशीत. डुकरं आली की ती डबा बडवायची आणि मी दचकून उठले की पाठीवरून हात फिरवायची. सकाळी तिजण, नाचणीची पेज. 2023 हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा तिचीच आठवण येत राहिली. तिने जन्मभर शेत कसलं, पण जमीन काही नावावर झाली नाही. सत्तरीत किती घरांची हीच गत. नंतर ती काजूत जायची. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं ते झाड इथे असं रुजलं की मार्चमध्ये बोंडूच्या वासावाचून आपल्याला करमत नाही. फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोंडू वेचून कंबर मोडलेल्या बायांचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. तू शिकलीस, स्वतःच्या पायावर उभी राहिलीस, ते तिने बघायला हवं होतं.

आणि म्हणूनच सांगते बाय, अंधारात घाट उतरू नकोस. गाडी चालवणारी मुलगी कितीही हुशार असली तरी समोरचा कसा येईल ते तिच्या हातात नसतं. तरुणपणी वाटतं की आपल्याला काही होत नाही. वेग, पाऊस, झोप... बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. रागावू नकोस. बाबांच्या वेळी मी रात्रभर ओसरीवर बसून होते, एवढंच तुला ठाऊक आहे. बाकीचं कधी बोलले नाही, आताही बोलवत नाही.

सुर्ल्याला सकाळीच पोचा, पोटभर बघा आणि दुपारी तीनच्या आत खाली निघा. सूर्यास्त केरीला अंजुण्याच्या धरणावरून दाखव त्यांना, मीही येईन. कणकुंबीला पोचलीस की फोन कर, घाटात रेंज नसते. खतखतं करणार आहे. कुणाला अळू चालत नसेल तर शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
आई