स्वच्छतेच्या गुणांबरोबर उत्सर्जनाचाही हिशेब हवा

महोदय,

ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा, रोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प इंदुरात फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, याचा आम्हा इंदूरकरांना रास्त अभिमान आहे; कारण कचऱ्याच्या ढिगाऱ्यात तयार होणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवून धरतो. मात्र शहराचे उत्सर्जन, म्हणजे हवेत सोडले जाणारे असे उष्णता अडवणारे वायू, कचऱ्यापाशी संपत नाही.

आपल्याला नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून, तेही पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवून, मिळते. त्या पंपांच्या विजेसाठीच महापालिकेने 2023 मध्ये हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढून जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी 244 कोटी रुपये उभारले. हा निर्णय स्तुत्य आहे, परंतु फुटक्या जलवाहिनीतून वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर तीच वीज वाया जाते, हे आपण (गच्चीवरची टाकी ओसंडू देणारे आमच्यासारखे नागरिकही) विसरतो.

भारताने 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता 45 टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले आहे. तीव्रता म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) दर रुपयामागचे उत्सर्जन. उत्पादन त्याहून वेगाने वाढले, तर ती घटूनही उत्सर्जनाचा एकूण आकडा वाढू शकतो. म्हणून महापालिकेने पाणीपुरवठा, वाहतूक व पथदिवे यांचे वार्षिक उत्सर्जन अर्थसंकल्पासोबतच प्रसिद्ध करावे, ही विनंती.

— एक वाचक, रामबाग, इंदूर