चौथ्या वर्षाचं कोण सांगणार?

महोदय,
माझी मुलगी २०२४ साली बीसीएला, म्हणजे संगणकाच्या पदवीला, लागली. त्याच वर्षी बीबीए-बीसीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) अखत्यारीत गेले आणि प्रवेशासाठी पहिल्यांदाच सीईटी आली. तीही तिनं दिली. आता ती घरात 'ऑनर्स (म्हणजे चौथं वर्ष करून मिळणारी पदवी) करू का?' म्हणून विचारते, आणि माझं झेरॉक्सचं दुकान असल्यानं सगळे नियम छापूनच वाचतो.

यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांना १२० आणि चार वर्षांना १६० श्रेयांकांची (क्रेडिटची) चौकट आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला संशोधनासह ऑनर्स घेता येतं. त्यात १२ श्रेयांकांचा प्रबंध. पण त्यासाठी विभागात पीएचडी मार्गदर्शक होण्यास पात्र असे किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. तिच्या कॉलेजात संगणक शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावर! कार्यालयात विचारलं तर "नंतर या" एवढंच उत्तर.

चौथं वर्ष केल्यावर एमएससीसारखी पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, हे खरं. पण आमच्याकडे ते चौथं वर्ष म्हणजे पुण्यातली खोली, मेस आणि एसटीचं भाडं. तिची मैत्रीण तिसऱ्या वर्षानंतर थेट नोकरीला लागणार आहे. आमचं मात्र घोडं अडलंय. कुठल्या महाविद्यालयात ऑनर्स, कुठे संशोधनासह, शुल्क किती, याची यादी विद्यापीठांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाआधीच लावावी.

- एक पालक, कराड