पेशीची उपासमार की पेशंटची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'कॅन्सरला उपाशी मारा!' हा, कॅन्सरच्या पेशींचं इंधन तोडणाऱ्या औषधांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून अंक बाजूला टाकला होता. रागाच्या भरात पेपर तपासायचे नाहीत, ही मास्तरकीतली जुनी सवय. सकाळी शांत डोक्याने पुन्हा वाचला, तर राग वाढला.

लेख वाईट नाही, हे आधी मान्य करतो. ट्यूमरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात आणि ऑक्सिजन हाताशी असतानाही त्याचं लॅक्टेट करून टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकात दाखवलं, ते बरोबरच आहे. (1931चं नोबेल मात्र त्यांना श्वसनाच्या एन्झाइमवरील कामासाठी मिळालं, तुम्ही छापलंत तसं 'कॅन्सरच्या साखरेसाठी' नव्हे. असो.) आयडीएच या एन्झाइमच्या जनुकातल्या बिघाडावरच्या गोळ्यांचा परिच्छेदही छान उतरलाय. मग शेवटच्या रंगीत चौकटीत 'आजपासूनच सुरुवात करा : साखर बंद!' हे कुठून उगवलं? वर सगळी चर्चा पेशीतल्या एन्झाइमची आणि खाली हुकूम पेशंटच्या ताटाला! चौकट लेखिकेची की पान भरणाऱ्याची, एवढं तरी कळवा.

अशाच एका चौकटीचं कात्रण माझ्या ताईच्या पर्समध्ये होतं. कुठल्या वर्तमानपत्रातलं ते लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही छापणार नाही. कुणा हितचिंतकाने ते केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर, म्हणजे औषधाच्या दुसऱ्या फेरीनंतर, तिला आणून दिलं. तिने आधी गोड सोडलं, मग फळं, मग जे जे म्हणून पोटात जाऊन साखर होतं ते सगळं. म्हणजे जवळजवळ जेवणच. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली पावडर तिने डब्यावरच्या घटकांत साखर वाचून तशीच कपाटात ठेवली. डबे आम्हाला नंतर सापडले, सील न फोडलेले. पुढच्या सायकलला गेलो तेव्हा वजन सहा किलोंनी उतरलेलं. डॉक्टरांनी सायकल पुढे ढकलली. आहारतज्ज्ञ बाई तिला नाही, मला ओरडल्या, आणि योग्यच केलं. चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवणारा भाऊ घरात असून काय उपयोग?

मी ताईला समजावलं होतं. अख्ख्या रक्तात मिळून साखर असते चहाच्या चमच्याएवढी, आणि तू खाल्लं नाहीस तरी यकृत ती पातळी सांभाळतं. आधी स्वतःचा साठा मोडतं, मग तुझे स्नायू झिजवून ग्लुकोज बनवतं. म्हणजे गाठीचं फारसं अडत नाही, झिजतेस तू. शिवाय गाठ काही साखरेवरच जगत नाही. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) चालतं, मेदाम्लं चालतात. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण पेपरात आलंय ना रे." ताई आता नाही. ती कात्रणामुळे गेली असं मी म्हणणार नाही, आजारच तसा होता. पण शेवटचे काही महिने ती घास तोंडात घालून आमच्याकडे अशी बघायची, जणू चोरी करताना पकडली गेलीय. "मी त्याला खाऊ घालतेय का?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. तुमच्या चौकटीत याचं उत्तर नाही.

'उपाशी मारणं' खरंच कुठे जमलं असेल, तर मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात. त्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातलं उचलतात. म्हणून अ‍ॅस्परॅजिनेज हे त्याला तोडणारं एन्झाइम टोचून रक्तातलंच संपवतात. पथ्याने हे होत नाही, कारण बाकीचं शरीर ते बनवतच राहतं. आणि लेखात ज्याला 'उद्याची क्रांती' म्हटलंय, ती 1947-48 सालीच सुरू झाली होती. अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी, पेशींना वाढायला लागणाऱ्या फोलिक आम्लाची वाट अडवणारं अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांचं नाव लेखात नाही. त्याच घरातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

अपयशांना मात्र लेखात एक ओळही नाही. ग्लुटामिनची वाट अडवणारं टेलाग्लेनास्टॅट हे औषध मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत उपयोगी पडलं नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं तुम्ही इतकं कौतुक केलंत, पण स्तनाचा कॅन्सर असलेल्या, मधुमेह नसलेल्या 3,649 रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा झाला नाही, हे 2022मध्ये प्रसिद्ध झालंय. हे छापलं असतंत तर शीर्षकातलं उद्गारचिन्ह तेवढं काढावं लागलं असतं.

आता त्या फोटोबद्दल. पेट स्कॅनखाली (ग्लुकोजसारखं किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेल्या शरीराच्या चित्राखाली) तुम्ही लिहिलंत : 'चमकणाऱ्या जागा म्हणजे कॅन्सर'. त्यात सर्वांत जास्त चमकतोय तो मेंदू, आणि खाली ओटीपोटात मूत्राशय. मेंदू मुख्यतः ग्लुकोजवर चालतो आणि टोचलेलं द्रव्य लघवीतून बाहेर पडतं, म्हणून दोन्ही निरोगी माणसातही असेच दिसतात. आज ज्यांच्या हातात स्वतःचा रिपोर्ट आहे, त्यांची काल रात्रीची झोप तुम्ही घालवली असणार. निदान याची दुरुस्ती छापा, आणि राशिभविष्याच्या खाली बारीक टायपात नको.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक

ता. क. मागच्या वेळी माझं पत्र चार ओळींवर आणून त्याखाली माझ्या नावामागे 'डॉ.' लावलंत. मी डॉक्टर नाही. त्यानंतर दोघांनी घरी फोन करून औषध विचारलं. म्हणून या वेळी नावच घालू नका. काटछाट करायचीच असेल तर वारबुर्ग कापा, ताई ठेवा.