यादी करण्याआधी गल्लीगल्लीतला फरक ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाविषयी आपल्या दैनिकात नुकतेच आलेले वृत्त वाचले. त्यात कामाठीपुरा, फॉकलंड रोड आणि केनेडी ब्रिज या तिन्ही ठिकाणांना ‘बदनाम वस्ती’ असे एकच नाव दिले आहे. मी या भागात २२ वर्षे टपाल वाटले. या वस्त्या पायी अर्ध्या तासाच्या आत आटोपतात, परंतु प्रत्येकीचा स्वभाव निराळा, तिथल्या बायकांची राहण्याची आणि कमावण्याची रीत निराळी. आणि म्हणून उद्या इमारती पडतील तेव्हा त्यांच्या हातून जे जाईल तेही निराळे असेल.

कामाठीपुरा ही निजामाच्या मुलुखातून येऊन मुंबईच्या बांधकामांवर राबलेल्या तेलुगू कामाठ्यांची मूळ वसाहत. आजही तिथे त्यांची कुटुंबे आहेत, देवळे आहेत, जरीचे आणि चामड्याच्या पिशव्यांचे कारखाने आहेत. एका मजल्यावर संसार आणि वरच्या मजल्यावर घरवालीच्या, म्हणजे धंदा चालवणाऱ्या बाईच्या खोल्या, अशी कित्येक घरे मी पाहिली. सकाळी नळावर कपडे धुणाऱ्या दोघींपैकी संसारातली कोण आणि धंद्यातली कोण, हे मला सांगता आले नसते. बेळगाव, विजापूर, बंगाल अशा ठिकाणी आईच्या नावे गेलेल्या मनीऑर्डरींच्या पोचपावत्या मी या खोल्यांत नेऊन दिल्या आहेत. पावतीवर आईचा अंगठा असे, आणि पैसे पाठवणारी तो अंगठा उजेडात धरून बराच वेळ पाहत राही. यातल्या पुष्कळ जणी ‘अधिया’वर राहत, म्हणजे कमाईतला अर्धा वाटा घरवालीचा. खोलीच्या कोणत्याही कागदावर त्यांचे नाव नसे.

फॉकलंड रोड, म्हणजे आताचा पठ्ठे बापूराव मार्ग, याची तऱ्हा वेगळी. ‘प्ले हाउस’चा अपभ्रंश होऊन पिला हाउस झालेल्या या परिसरात एके काळी नाटकांची आणि तमाशाची थिएटरे होती, पुढे सिनेमाची आली, आणि त्या गर्दीवर रस्त्यालगतच्या जाळीच्या खोल्या चालत. लोक त्यांना पिंजरे म्हणत. मला तो शब्द कधी उच्चारवला नाही. कामाठीपुऱ्यात जिना चढल्यावर थोडा आडोसा मिळतो, तर इथे बाई थेट फुटपाथसमोर उभी असे. इथल्या कित्येक जणी रोजच्या भाड्याने नुसती खाट घेत, आणि त्यांची पत्रे पानवाल्याच्या किंवा चहावाल्याच्या मार्फत येत.

केनेडी ब्रिजजवळच्या, काँग्रेस हाउस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत मात्र संध्याकाळी तबला जुळवल्याचा आवाज कानी येई. तिथे मुजऱ्याची परंपरा आहे, अनेक घरांत ती आईकडून मुलीकडे आलेली. आपल्याला फॉकलंड रोडच्या रांगेत बसवले की या बायकांना ते जिव्हारी लागे, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. बैठका कमी झाल्यावर इथल्या बऱ्याच मुलींनी डान्स बारची वाट धरली. २००५ साली राज्य सरकारने बारमधील नृत्यावर बंदी घातली. ती बंदी घटनाबाह्य असल्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कायम केला, पण तोवर आठ वर्षे गेली होती आणि घरे मोडायची ती मोडली होती.

हे सारे लिहिण्याचे कारण एवढेच, की पुनर्विकासात घरमालकाला वाटा मिळतो, पावती असलेल्या भाडेकरूला घर मिळते, आणि अधियावर किंवा खाटेच्या भाड्यावर वीस-वीस वर्षे काढलेली बाई यादीत कुठेच नसते. तिच्याकडे कागद नाही हे कारण पुरेसे नाही. २०२० साली टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने अशा स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता शिधा देण्यास सांगितले, आणि महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये देण्याचा निर्णय घेतला. शिध्यासाठी कागदाची अट दूर ठेवता येते, तर छपराचा विचार करतानाही ती ठेवता यायला हवी. १९ मे २०२२ च्या आदेशात तर सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काबरोबर वृत्तपत्रांच्या जबाबदारीचाही विचार केला आहे: पोलिसांच्या छाप्याच्या वेळी या स्त्रियांची ओळख उघड होऊ नये. म्हणून आपल्यालाही विनंती, की यापुढे अशा वृत्तासोबत दारात उभ्या असलेल्या बायकांची छायाचित्रे छापू नयेत.

आणि सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी एक सूचना. सकाळी लवकर गेलात तर खोल्या झोपलेल्या असतील, संध्याकाळी गेलात तर कोणी बोलणार नाही. कामाठीपुऱ्यात दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जा, घरवालीला बाजूला ठेवून प्रत्येकीशी स्वतंत्र बोला, आणि सोबत तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संस्थेची एक तरी कार्यकर्ती असू द्या. त्या वेळी या बायका केस विंचरत, भाजी निवडत बसलेल्या असतात आणि विचारले तर नाव, गाव, सारे सांगतात.

आपला नम्र,
एक निवृत्त पोस्टमन, मुंबई