कोलंबियाकाठी हवाईचं ताट

बीव्हरटन, ऑरेगन
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाबल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘कच्चो मासो खाल्लंस? आणि वर पैसे दिलंस?’ तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं आणि उत्तर राहिलं. खानावळवाल्याला जेवणाबद्दल अर्धवट सांगून भागत नाही, म्हणून हे पत्र. लांबणार आहे. दुपारची पंगत उठली की सावकाश वाच.

आमच्याकडे हवाई बेटांच्या धर्तीवरचं मासळीचं नवं हॉटेल उघडलंय. बांबूच्या भिंती, लाकडी मुखवटे, फुलाफुलांच्या सदऱ्यातली वाढणारी पोरं, दारूच्या ग्लासात कागदी छत्री. हा सगळा थाट हवाईतून आलेला नाही, १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बारवाल्यांनी तो उभा केला. रम कॅरिबियनची, मुखवटे कुठले तरी आणि नाव पॅसिफिकचं. शहरातली ‘अस्सल मालवणी’ हॉटेलं भिंतीला जाळं आणि प्लास्टिकची कुर्ली टांगतात ना, त्याच जातीचं.

मेनूकार्ड उघडलं तर पहिल्या दोन पानांवर अननसच अननस. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जेम्स डोल नावाच्या माणसानं १९०१ मध्ये कंपनी काढून तो डब्यात भरला आणि जगभर हवाईच्या नावावर खपवला. अननस घातलेला ‘हवाईयन पिझ्झा’ तर १९६२ मध्ये कॅनडात जन्मला. आमच्या हिने माही-माही मागवला. वर मॅकाडेमियाचा चुरा (तोही मूळचा ऑस्ट्रेलियाचा) आणि त्यावर अननसाची गोडमिट्ट चटणी. मासा चांगला पांढरा, घट्ट होता, पण चटणीनं त्याची चव मारून टाकली. तिनं चटणी सुरीनं बाजूला खरवडली आणि मासा खाल्ला. लेकीनं तीच चटणी बटाट्याच्या फ्राइजना लावून संपवली, म्हणजे वाया काही गेलं नाही.

आता तुझा कच्चा मासा. त्याला पोके म्हणतात. ट्यूनाचे, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातभाईचे, बोराएवढे तुकडे. जुने हवाईयन लोक खडकाळ किनाऱ्यावरचे मासे चिरून त्यांना समुद्रमीठ, एक प्रकारचं शेवाळ आणि भाजून कुटलेल्या कुकुईच्या बिया लावून खात. कुकुई म्हणजे आपल्याकडचा रानअक्रोड. पुढे उसाच्या मळ्यांवर जपानी मजूर आले, त्यांच्याबरोबर सोया सॉस आला, तिळाचं तेल आलं. आज जगभर मिळतं ते पोके या मळ्यावरच्या सरमिसळीतून झालेलं.

तू विचारशील, पोटाला बाधत नाही? मासा धरल्या धरल्या त्याचं रक्त काढून तो होडीवरच बर्फात गेला पाहिजे. ट्यूनाचं अंग गरम असतं. तो तसाच राहिला तर मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि ते मग शिजवूनही जात नाही. होनोलुलूच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला लिलाव होतो. मासे बर्फावर मांडलेले असतात, एकेक मासा वेगळा विकला जातो. शेपटीजवळ छेद देऊन आतलं मांस उघडं ठेवतात. घेणारे त्याचा रंग बघतात, चिमूटभर मांस बोटांत चोळून चरबी अजमावतात आणि मग बोली लावतात. हे सगळं मी एकदा प्रत्यक्ष बघणार आहे, तेव्हा तूही चल. तुझ्याइतका खवट गिऱ्हाईक त्यांना मिळायचा नाही.

आमच्या ताटातला ट्यूना कुठला, हे त्या पोराला सांगता आलं नाही. आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, ‘पॅसिफिक’. एवढा मोठा पत्ता! रंग मात्र कलिंगडासारखा लालभडक. गोठवलेल्या ट्यूनाला कार्बन मोनॉक्साइड दिलं की तो असा लाल राहतो, मग ताजा-शिळा डोळ्यांना कळत नाही. इथे तसं केलं होतं की नाही, देव जाणे. चवीला वाईट नव्हतं, पण बावीस डॉलर मोजायला मी पुन्हा जाणार नाही.

खरं जेवण शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत होतं. लाउलाउ. डुकराचं मांस आणि खारवलेल्या माशाचा एक तुकडा, अळूच्या पानांच्या चार-पाच पदरांत बांधलेला. त्यावर ‘टी’ नावाच्या झाडाचं पान (ते खायचं नाही) आणि तीन-चार तास वाफ. अळू तेच, बाबल्या, आपलंच. पॉलिनेशियन लोक ते होड्यांतून हजारो मैल घेऊन गेले, नारळ आणि नीरफणसाबरोबर. हवाईयन कथेत पहिलं मूल मेलेलं जन्मलं, ते पुरलं तिथे अळू उगवलं, आणि त्याच्या पाठचा भाऊ तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू थोरला भाऊ. खाजेवर आपण चिंच घालतो, कोकम घालतो. यांच्याकडे आंबट काही नाही, नुसता वेळ. पान शिजून शिजून लोण्यासारखं झालेलं, डुकराची चरबी त्यात मुरलेली, मीठ माशातून आलेलं. मसाला म्हणशील तर शून्य. पहिल्या घासाला मला ते सपक वाटलं, पण चौथ्या-पाचव्या घासाला मी बोलायचा थांबलो होतो. हिनं नंतर तसं सांगितलं.

(वहिनींना सांग, १८१९पर्यंत तिथे बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, डुकराचं मांस आणि नारळ खायचं नाही, केळ्याच्या बहुतेक जातीही वर्ज्य, असा कडक निर्बंध होता. मग तरुण राजा सगळ्यांदेखत बायकांच्या पंक्तीला जाऊन जेवला आणि तो सोवळ्याचा कारभारच मोडला. त्याच्या मागे खरा जोर राजाच्या आईचा आणि त्याच्या वारलेल्या वडिलांच्या लाडक्या राणीचा होता.)

पण मी तुला लिहायला बसलो ते लोमी सामनसाठी. खारवलेला सामन मासा, टोमॅटो, कांदा, हातानं कुस्करून एकत्र केलेलं, थंडगार. कोशिंबीरच म्हण. हवाईतल्या प्रत्येक मोठ्या जेवणावळीत असतंच, आणि गंमत अशी की हवाईच्या समुद्रात सामन होतच नाही. तो गेला इथून, आमच्या या कोलंबिया नदीतून. इथून पाऊण तासावर, नदीपलीकडे, हडसन बे या इंग्रज व्यापारी कंपनीचा फोर्ट व्हँकुव्हर किल्ला आहे, १८२४-२५ मध्ये बांधलेला. कंपनी सामन मिठात घालून, पिंपांत भरून होनोलुलूला पाठवायची. आणि तिकडून कराराचे मजूर आणायची. किल्ल्याबाहेरच्या वस्तीत हवाईयन माणसं इतकी, की तिला ‘कनाका व्हिलेज’ म्हणत (कनाका म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस). त्यांच्यासाठी १८४५ मध्ये विल्यम काउलेहेलेहे नावाचा हवाईयन धर्मोपदेशकही आला. पुढे हा मुलूख अमेरिकेचा झाला. १८५०च्या कायद्यानं गोऱ्यांना फुकट जमिनी वाटल्या, हवाईयनांना नाही. १८६० मध्ये लष्करानं काउलेहेलेहेला हुसकावलं आणि त्याचं घर जाळलं.

त्या माणसांनी याच नदीवर ज्या माशाची पिंपं भरली, त्याचंच कालवण-कोशिंबीर आज ‘हवाईची खासियत’ म्हणून नदीकाठी परत विकायला आहे. मेनूवर त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. मुखवट्यांना जागा आहे, कनाका व्हिलेजला नाही. मालकाला भेटून हे सांगावं असं मनात आलं होतं, पण तो टेबलाटेबलावर जाऊन फुलांच्या माळा घालत होता, आणि हिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो.

आता तुझ्यासाठी काम. पावसात अळू माजेल तेव्हा काळ्या देठाची पानं घे, शिरा सोल, आत खारवलेला मासा आणि खोबऱ्याचा कीस घाल, बाहेरून केळीचं पान बांध आणि इडलीपात्रात तीन तास ठेव. मसाला घालू नकोस, हात आवरशील तर! काकी नक्की चिंच घाल म्हणतील. घालू देत, खाज तरी उठणार नाही. गिऱ्हाइकाला वाढण्याआधी तू खा, आणि कसं झालं ते खरं कळव.

काकींना साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाई

ता.क. कुपा सध्या बाजारात काय भावानं जातो? बावीस डॉलरचे रुपये करून बघ आणि वहिनींना सांगू नकोस.