बारा पॉइंटचा नियम आणि सहा पॉइंटची चौकट

संपादक महोदय, स. न. वि. वि.

गिरगावातल्या छापखान्यात मी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले, पुढे डीटीपी केलं. त्यामुळे पेपर उघडला की बातमीआधी मला टाइप, म्हणजे अक्षरांचा आकार, दिसतो. नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या मतदानाआधी, एका दैनिकात (आपल्या नव्हे) नाव-बदलाच्या नोटिसांशेजारी एका उमेदवाराने स्वतःवरच्या गुन्ह्यांची दिलेली जाहिरातीची चौकट होती. जुनी मोजपट्टी काढून टाइप मोजला. सहा पॉइंट, ओढूनताणून साडेसहा.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये अशा जाहिराती सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर निवडणूक आयोगाने टाइप किमान बारा पॉइंटचा हवा असं कळवलं. ते बारा पॉइंट बहुधा उमेदवाराच्या फोटोखालच्या नावाला गेले असावेत.

मजकूर तरी काय? ‘कलम 143, 149, 188, 307’. बस्स. यातलं 188 म्हणजे सरकारी आदेश मोडणं; विनापरवाना मोर्चात गेलेल्या कुठल्याही कार्यकर्त्यावर लागायचं. 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न. दोन्ही एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम! आता 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे, त्यात 307 चं 109 झालं. मालिका बघून ज्यांना 302 आणि 307 पाठ झाले होते, तेही आता अडाणी. 2024 च्या लोकसभेत निवडून आलेल्या 543 पैकी 251 खासदारांनी स्वतःवरचे खटले जाहीर केले होते. त्यात मोर्चेवाले किती आणि चाकूवाले किती, हे मतदाराने कसं ओळखायचं?

मी लालबागच्या चाळीत वाढलो. जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला तेव्हा दहा वर्षांचा होतो. आईने आम्हाला गॅलरीतून आत ओढून दार लावलं, तेवढं आठवतं. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या होत्या, हरल्या. माझे वडील गिरणी कामगार. त्याआधी कुणाला मत दिलं ते नळावर उभं राहून अख्ख्या चाळीला सांगायचे. या मतदानाच्या दिवशी मी विचारलं तर खेकसले, “गप बस.” पुढे मरेपर्यंत त्यांनी ते सांगितलं नाही.

ही भीती उमेदवाराच्या कुठल्या प्रतिज्ञापत्रात येणार? आमच्या वस्तीत एक बौद्ध बाई सफाईचं काम करतात. पाण्याच्या जोडणीचं विचारायला गेल्या, तर तिथल्या एका पुढाऱ्याच्या पोरांनी जातीवरून शिवीगाळ केली, ढकललं. बाई संध्याकाळी पोलीस ठाण्यात गेल्या आणि दहाच्या सुमारास तक्रार न देताच परतल्या. मुलाची कंत्राटी नोकरी त्याच पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर लागली होती. उद्या हा गृहस्थ उभा राहिला, तर गुन्ह्यांच्या रकान्यात लिहील: ‘निरंक’. आणि ते खरंच असेल.

त्यावर माझ्याकडे उपाय नाही. पण जे गुन्हे नोंदले गेलेत ते तरी दिसावेत. आपल्या पेपरने बारा पॉइंटच्या खालची अशी जाहिरात घेऊ नये. कलमाच्या आकड्यापुढे मराठीत गुन्हा लिहून मागावा: ‘खुनाचा प्रयत्न’, ‘खंडणी’, ‘विनापरवाना मोर्चा’. जागा थोडी जास्त लागेल, तेवढे पैसे उमेदवाराकडे असतात.

मोजपट्टी अजून माझ्याकडे आहे. आपल्या जाहिरात विभागाला हवी असल्यास आणून देतो.

— एक निवृत्त कंपोझिटर, लालबाग, मुंबई